शाहीनचं इंजिन

शाहीन मन्सुरी कुणालाच नावानं हाक मारत नसे. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. मी मोर्शी. आमचा कॅप्टन पंकज हा अचलपूर. वर्कशॉपचे सर मूळचे कारंज्याचे, म्हणून तोंडावर 'सर' आणि पाठ फिरली की 'कारंजा'. ती स्वतः दर्यापूरची, पण तिला 'ए दर्यापूर' म्हणायची हिंमत चार वर्षांत एकाचीही झाली नाही. उंची जेमतेम पाच फूट, ओढणी मानेमागे घट्ट गाठ मारून बांधलेली, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेन ड्राइव्ह. पहिल्या वर्षी आम्हाला तो तावीज वाटायचा.

आमचं कॉलेज अमरावतीच्या बाहेर, कपाशीच्या वावरांना खेटून. ती वर्षं वाईट होती. कापसानं सलग दगा दिलेला, सोयाबीनचंही तेच. सकाळी पेपर उघडावासा वाटत नसे. आमच्या वर्गातली काही पोरं दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाहीत. अशा वेळी आम्ही काही पोरांनी रेसची गाडी बनवायची असं ठरवलं, टीमचा कॅप्टन पंकज. इंदूरच्या पलीकडे एका ट्रॅकवर देशभरच्या कॉलेजांची स्पर्धा भरायची. गाडी विद्यार्थ्यांनीच आखायची, विद्यार्थ्यांनीच जोडायची आणि विद्यार्थ्यांनीच पळवायची. गावात हे सांगितलं की लोक आमच्याकडे असं बघायचे की जणू आम्हीच कापसाचे भाव पाडले.

कॉलेजच्या एका कार्यक्रमात एका पाहुण्यांनी भाषणात सुनावलंच, की इकडे शेतकऱ्याची ही दशा आणि आपली मुलं रेसच्या गाड्या बनवताहेत. टाळ्या पडल्या. शाहीन तिसऱ्या रांगेतून उठली आणि म्हणाली, "सर, कापूस पिकला नाही म्हणून आमी शिकू बी नाही काय?" पाहुणे हसले, पाणी प्यायले आणि विषय बदलला. तिला खाली बसवायला कारंजा सर धावले, पण बसली ती आपल्या मर्जीनं.

तिचं म्हणणं साधं होतं, आणि ते ती कुणालाही, चहावाल्यालासुद्धा, ऐकवायची. या स्पर्धेत दरवर्षी पुणे, मुंबई, चेन्नईच्या गाड्या धावतात. वऱ्हाडातून कुणी जातच नाही. गेलं तरी तपासणीतच बाद होऊन परत येतं. "इकडच्या पोट्ट्याईनं जोडलेल्या एका तरी फ्रेममधी हे इंजिन वाजलं पाह्यजे. बस. मंग नंबर कोणाचा बी येवो." हे एकच तिच्या डोक्यात होतं, आणि एखादी गोष्ट तिच्या डोक्यात बसली की आम्ही बाकीचे तिच्या मागे फरफटत जायचो.

इंजिन म्हणजे जपानी मोटारसायकलचं, चार सिलिंडरचं. आम्ही ते मुंबईहून जुनं मागवलं होतं, पण ते यायला बराच वेळ होता. तोवर हातावर हात ठेवून बसणं परवडणारं नव्हतं. नळ्यांची फ्रेम आधी कॉम्प्युटरवर आखायची, मग नळ्या कापायच्या, मग वेल्डिंग. आणि फ्रेम आखायची तर तिच्या पोटात इंजिन ठेवून पाहिलं पाहिजे. म्हणजे खरं इंजिन येण्याआधी कॉम्प्युटरमधलं इंजिन हवं. बरं, नळ्या पुण्याहून एकदाच येणार होत्या. फ्रेम चुकली तर दुसरी फ्रेम नाही आणि दुसरं वर्षही नाही, कारण आमचं ते शेवटचंच.

त्या काळात अशी कॉम्प्युटरमधली इंजिनं पोरांमध्ये हातोहात फिरायची. कुठल्या तरी परदेशी पोरानं घडवून इंटरनेटवर ठेवलेलं, कुणी तरी उतरवलेलं, कुणी तरी आपल्या सॉफ्टवेअरसाठी बदललेलं, असं करत करत ते पेन ड्राइव्हवर बसून एसटीनं यायचं. आमच्याकडे ते अकोल्याच्या एका कॉलेजातून आलं. तिथलीही पोरं त्याच स्पर्धेची गाडी बनवत होती, इंजिनही तेच. शाहीन स्वतः जाऊन घेऊन आली. तिचा एक नियम होता. शेजारणीचा डबा आपण रिकामा परत करत नाही ना, तसाच पेन ड्राइव्हही रिकामा परत करायचा नाही. काही घेतलं की काही द्यायचं. तिनं अकोल्याच्या पोरांना स्वतः काढलेलं सीटचं आणि स्टिअरिंगचं मॉडेल भरून दिलं होतं. पंकज कुरकुरला, "आपली मेहनत फुकटात वाटून रायली."

"फुकटात कुठी? इंजिन आणलं ना!" ती म्हणाली.

पण आणलेलं इंजिन आमच्याकडे उघडेना. अकोल्याचं सॉफ्टवेअर वेगळं, आमचं वेगळं, त्यातून आमचं जुनं. मधल्या कुठल्या तरी, सगळ्यांना वाचता येईल अशा फॉरमॅटमध्ये ते बदलून घ्यायला हवं होतं. ते काम करू शकेल असा लॅबमध्ये एकच कॉम्प्युटर, आणि तो बैलासारखा मधेच बसायचा. पहिल्या खेपेला निळी पट्टी सरकत सरकत टोकाला आली आणि वीज गेली. लोडशेडिंग. आम्ही शिव्या घातल्या. शाहीननं शिवी दिली नाही. दप्तर मांडीवर घेऊन ती तिथंच बसून राहिली. वीज आल्याबरोबर तिनं पुन्हा सुरुवात केली, लॅबच्या दाराला आतून कडी घातली आणि खुर्चीत बसून दोन्ही हात कीबोर्डवर पंखासारखे धरले, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. बाहेरून कारंजा सरांनी दार वाजवलं. आतून आवाज आला, "सर, इंजिन येऊन रायलं. थांबा." सर थांबले. एरवी प्राचार्यांसाठीही न थांबणारा माणूस तो.

आणि मग इंजिन उघडलं. काय देखणं होतं! एकेक फिन, एकेक बोल्ट, चांदीसारखी चकाकी. माउसनं गोल फिरवलं की आम्ही लग्नातल्या फोटोग्राफरसारखे चोहोबाजूंनी बघायचो. पंकजनं त्याचं चित्र आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावून टाकलं. सगळे खूश. शाहीन हनुवटीवर बोट ठेवून बघत होती.

"ए मोर्शी, याले हात कोणी लावला?"

मला प्रश्नच कळला नाही. "कशाले?"

"इंजिनाले. असलीवाल्याले. हे ज्यानं बनवलं त्यानं मोजून बनवलं का अंदाजानं? तू पायलं काय ते इंजिन?"

"फोटो पायला."

"फोटो तं मी ताजमहालाचा बी पायला. तिथं नेऊन गादी टाकू?"

गादी तिच्या बोलण्यात वारंवार यायची, कारण तिच्या अब्बांचं दर्यापूरला गादीचं दुकान होतं. मी एकदा तिथं गेलो होतो. कापसाच्या कणांनी दुकानाची हवा पांढरी झालेली आणि अब्बा तोंडाला रुमाल बांधून पिंजत बसलेले. त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक येऊन म्हणालं की पलंग साडेतीन बाय सहा आहे, तर ते मान हलवायचे, चहा पाजायचे आणि मग टेप घेऊन त्याच्या घरी जायचे. गिऱ्हाईक रागावलं तरी जायचे. पलंग स्वतः मोजल्याशिवाय त्यांनी कधी कापड फाडलं नाही. शाहीन लहानपणी टेपचं दुसरं टोक धरायला बरोबर असायची. त्यामुळे कुणी सांगितलेल्या मापावर ती विश्वास ठेवेल ही आशाच नव्हती. मुंबईचं इंजिन तर आलेलं नव्हतं. मग ती तसल्याच इंजिनाची चालू गाडी शोधायला लागली.

गाडी सापडली शेंदूरजनाघाटला. तिथल्या एका बागवानाच्या मुलानं, संत्र्याचा व्यापार बरा चालत होता तेव्हा, हौसेनं तीच मोटारसायकल घेतली होती. आता संत्र्याच्याही बागा वाळत होत्या आणि गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. आम्ही दोघं एसटीनं गेलो. तिच्या पिशवीत व्हर्नियर, टेप, पट्टी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. घरात शिरल्याबरोबर मुलाच्या अम्मीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बेटी, गाडी देखने आयी के लडका देखने?"

"गाडी, चाची. लडका आपही रखो."

अम्मी पोट धरून हसल्या. लडका बिचारा कोपऱ्यात लाल झाला आणि त्या लाजेतच गाडीचे पत्रे उतरवायला कबूल झाला. मग शाहीन जमिनीवर आडवी झाली. ज्या भोकांमधून बोल्ट जाऊन इंजिन फ्रेमला धरलं जातं, त्या भोकांवर तिनं वर्तमानपत्राचा कागद ताणून दाबला आणि अंगठ्यानं कडेकडेनं घासला. काळ्या ग्रीसचे गोल ठसे कागदावर उमटले. एका बाजूचे झाले, मग दुसऱ्या बाजूचे, मग खालचे. प्रत्येक माप व्हर्नियरनं घेतलं, मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि मी वाचलेलं पुन्हा स्वतः पाहिलं. माझ्यावरही विश्वास नव्हता. निघताना अम्मींनी आम्हाला पिशवी भरून संत्री दिली. ती आंबट होती, पण परतीच्या वाटेवर तिनं ती सगळी सोलून अख्ख्या एसटीला वाटली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मापं जुळवली, आणि ती जुळली नाहीत. कॉम्प्युटरमधलं इंजिन सगळीकडून लहान निघालं. जवळजवळच्या भोकांत फरक केसाएवढा, लांबच्या भोकांत करंगळीच्या नखाएवढा. पंकज म्हणाला, तुझा कागदच सरकला असेल. शाहीननं ठशांचा कागद पुढ्यात ओढला. ती कॅल्क्युलेटरवर प्रत्येक खऱ्या मापाला खोट्या मापानं भागत गेली. दरवेळी उत्तर तेच येत होतं. मग एकदम ती हसायला लागली. इतकं हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

"अबे, इंच!" ती म्हणाली. "परदेशातलं मॉडेल इंचात होतं. अकोल्यात उघडलं तं काडेपेटीएवढं दिसलं असन. त्याईनं काय केलं? पंचवीसपट मोठं केलं. एक इंच म्हणजे पंचवीस एमएम!"

आणि आम्हीही तेच केलं असतं. वर्कशॉपमध्ये इंच म्हणजे पंचवीसच म्हणायची पद्धत. खरा इंच पंचवीस पॉइंट चारचा, पण वरचा पॉइंट चार कोण धरतो? पाइप कापताना त्यानं काही बिघडत नाही. इथं मात्र तेवढ्यानं बोल्ट भोकात जाणार नव्हता. फ्रेम एकदा जोडली असती तर इंजिन आणि फ्रेम एकमेकांकडे बघत बसले असते.

तिनं मॉडेल दुरुस्त केलं, वर्तमानपत्राच्या ठशांवर पुन्हा पडताळलं आणि मग म्हणाली, "आता अकोल्याले जाऊन सांगा लागते."

यावरून जे भांडण झालं ते मला अजून ऐकू येतं. पंकज वाईट मुलगा नव्हता. पण त्याला पहिलं यायचं होतं, वऱ्हाडातून तरी. तो म्हणाला, "काहून सांगा लागते? चूक त्याईची, त्याईनं निस्तरावी. आपण सापडवली तं ते आपल्यापाशी."

"फाइल कोणाची होती?"

"आपण बदल्यात सीट देलं ना!"

"सीट बरोबर होतं. त्याईचं इंजिन चुकीचं आहे हे मले मालूम आहे, अन् मी तोंड शिवून बसू? फ्रेम जोडून रायले असतील ते."

"तू गेली तं इकडचं काम कोण करन? ब्रेकचं सगळं बाकी आहे. जायाचं असन तं टीमच्या बाहेर होऊन जाय."

शाहीननं गळ्यातला पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, दुरुस्त केलेलं इंजिन त्यात घेतलं आणि म्हणाली, "बाहेर कर मंग. पण आल्यावर पुन्हा आत घ्या लागन, हे मॉडेल दुसऱ्या कोणाले उघडता येत नाही." हे खरं होतं. पंकज दात खात राहिला.

फोनवर सांगून कुणी ऐकणार नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं प्लायवूडचं इंजिन बनवलं. इंजिन कसलं, एक खोकंच, पण त्याची भोकं मात्र अगदी खऱ्या ठिकाणी. ते घेऊन आम्ही अकोल्याच्या एसटीत चढलो तर कंडक्टर म्हणाला, याचं लगेज लागते. शाहीननं ते मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मांडीवरच्या लेकराले तिकीट लागते काय?" कंडक्टरनं खोक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पुढे गेला.

अकोल्याची पोरं आम्हाला बघून खूश झाली नाहीत. त्यांचा कॅप्टन नीलेश हा अंगानं थोराड, बोलायला फटकळ. त्यांची फ्रेम वेल्डिंगचे कच्चे टाके मारून उभी होती, पक्कं वेल्डिंग दुसऱ्या दिवशी. शाहीन सांगायला लागली तर तो म्हणाला, "तुमाले हरायचं भेव वाटून रायलं म्हणून आमची फ्रेम तोडाले आले काय?" पोरं हसली. शाहीन म्हणाली, "हे ठेव फ्रेममधी. बोल्ट गेला तं मी माफी मागतो अन् जातो." आमच्याकडे बायाही 'जातो'च म्हणतात.

त्यांनी खोकं आत ठेवलं. मागचा एक बोल्ट गेला. पुढचा अर्ध्यात अडला. नीलेशनं हातोडी मागवली. शाहीन शांतपणे म्हणाली, "प्लायवूड तं ठोकून जाईन. ॲल्युमिनियम फुटन." त्यानं हातोडी खाली ठेवली. बराच वेळ खाली बसून भोकातून पलीकडे बघत राहिला. मग उठला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "तुमी कावून सांगून रायल्या आमाले?"

"फाइल तुमचीच होती. परत कराले आलो."

त्यांनी टाके कापले. शाहीन तिथंच थांबली. तिच्या मामूंचं घर ताजनापेठेजवळ होतं, तिथं उतरली, आणि रोज त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन नव्या खुणा करून द्यायला लागली. मी परत आलो. इकडे पंकजनं आणि आम्ही मिळून ब्रेकचं काम ओढत नेलं, पण घाईघाईनं, कारण फ्रेमच उशिरा सुरू झाली होती. ती परत आली तेव्हा पंकज तिच्याशी बोलत नव्हता. तिनं ॲप्रन चढवला आणि कामाला लागली. कुणी तिला आत घेतलं नाही की बाहेर काढलं नाही.

मुंबईचं इंजिन आलं, त्या दिवशी वर्कशॉपमध्ये शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे हजर. चेन पुलीवर टांगून आम्ही ते हळूहळू फ्रेममध्ये उतरवलं. शाहीननं बोल्ट हातात घेतला, पाना नाही, नुसत्या दोन बोटांनी तो भोकात ढकलला, आणि तो लोण्यात सुरी जावी तसा पलीकडे निघाला. मग दुसरा, मग बाकीचे. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. पंकजनं सुद्धा. ती म्हणाली, "चहा सांगा," आणि तोंड फिरवून ओढणीनं डोळे पुसले. ग्रीस लागलेली ओढणी होती, चेहरा काळा झाला. कुणी तिला सांगितलं नाही.

पुढचं सांगायला मला अजून जड जातं. स्पर्धेच्या ठिकाणी गाडी धावण्याआधी ब्रेकची परीक्षा असते. चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. आमचं मागचं डावं चाक फिरतच राहायचं. ब्रेकच्या पाइपातली हवा काढली, पाइप बदलला, पुन्हा गेलो, पुन्हा नापास. तिसऱ्यांदा रांगेत उभे होतो आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली. आमचं इंजिन वाजत होतं, फ्रेम सरळ होती, आणि गाडी ट्रॅकवर जाणार नव्हती. पंकज टायरवर बसून रडला. मग उठून सगळ्यांसमोर शाहीनला म्हणाला, "तू अकोल्यात जाऊन बसली नसती तं हे ब्रेक झाले असते." तिनं ऐकून घेतलं. "हो," म्हणाली, "झाले असते." एवढंच.

त्यानंतर सगळे पांगलो. कुणी म्हणतं ती चाकणला कुठल्या कारखान्यात आहे, कुणी म्हणतं लग्न होऊन हैदराबादला गेली आणि तिथं शिकवते. शोधलं तर सापडेलही. मी शोधलं नाही, कारण मला ती जशी शेवटची दिसली तशीच हवी आहे.

तो दुसऱ्या दिवसाचा दुपारचा सुमार होता. लांब पल्ल्याची शर्यत चालू होती. आमचा टेम्पो आला होता, गाडी चढवायची होती, आणि शाहीनचा पत्ता नव्हता. पंकजनं मला पाठवलं. ती ट्रॅकच्या तारेच्या कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. आत अकोल्याची गाडी धावत होती. पुढे-मागे पुण्या-मुंबईच्या झकपक गाड्या, आणि मधे ही ओबडधोबड, नाकाचा पत्रा दोरीनं बांधलेला. वळणावर मागे पडत होती, सरळ रस्त्यावर ओरडत सुटत होती. समोरून गेली की शाहीन कुंपणाबरोबर चार पावलं धावायची, थांबायची, आणि पुढच्या फेरीची वाट बघत पुन्हा जागेवर यायची. ऊन मी म्हणत होतं. तिचा चेहरा घामानं निथळत होता.

मी म्हणालो, "शाहीन, टेम्पो थांबला आहे. पंकज बोलावून रायला."

तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"तुमी चढवा गाडी," ती म्हणाली. "माह्या अजून दोन चकरा बाकी आहेत."